ट्रॉली भरण्यापूर्वी हिशेब करा

बैल दमला की आपल्याला कळते. तो धापा टाकतो, मान खाली घालतो. ट्रॅक्टरचे तसे नाही. म्हणून आपण म्हणतो, घाला आणखी चार मोळ्या! पण एक गोष्ट ध्यानात धरा. ओढणे निराळे आणि थांबवणे निराळे. सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर जेवढे ओझे ओढतो, तेवढे तो उतारावर थांबवील, असे नाही.

मग माल किती भरावा? ट्रॉलीचे आर.सी. बुक काढा. त्यात ट्रॉलीचे रिकामे वजन आणि मालासकट जास्तीत जास्त वजन दिलेले असते. मग ट्रॅक्टरचे माहितीपुस्तक पाहा. हा ट्रॅक्टर मालासकट किती वजनाची ट्रॉली ओढू शकतो, ते त्यात शोधा. सापडले नाही, तर ट्रॅक्टर विकणाऱ्याला विचारा.

आता हिशेब करू. समजा, ट्रॉलीची मर्यादा ९ टन आहे आणि ट्रॅक्टरची ८ टन. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा, म्हणजे ८. रिकामी ट्रॉली २ टनांची आहे. ८ वजा २, राहिले ६. म्हणजे ६ टनच माल भरायचा. १ टन म्हणजे १० क्विंटल. तेव्हा ६० क्विंटल ऊस झाला, की हात थांबवा. दोन ट्रॉल्या जोडल्या, तरी ट्रॅक्टरची मर्यादा ८ टनच राहते. दोन्ही ट्रॉल्या आणि दोन्हींतला माल त्यातच बसला पाहिजे.

शेतात काटा कुठला? तर कारखान्याच्या काट्याची पावती वाचा. त्या खेपेला ऊस कुठवर रचला होता, तिथे खूण करून ठेवा.

उताराचा हिशेबही पाहा. २० फुटांत १ फूट उतार असला, तर वजनाचा विसावा हिस्सा खाली रेटतो. ८ टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ४०० किलोचा रेटा देते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते. म्हणून उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका.

मोळ्यांवर माणसे तर मुळीच बसवू नका. राहिलेला ऊस दुसऱ्या खेपेला नेता येतो. गेलेला माणूस परत आणता येत नाही.