गुणपत्रिकेत न दिसणारे शिक्षण

अमेरिकी विद्यापीठांत इतिहास किंवा संगीत शिकणाऱ्यालाही पदवीसाठी सहसा विज्ञानाचा एखादा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. या सामान्य शिक्षणाच्या वर्गांत खगोलशास्त्राला मोठी गर्दी असते. अनेकांच्या आयुष्यातला तो विज्ञानाचा शेवटचा वर्ग असतो. त्यातून काय पदरात पडले, हे मोजण्याबाबत मात्र बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज : परीक्षेत चांगले गुण, म्हणजे विषय समजला.

गुण शेवटची स्थिती सांगतात. विद्यार्थी वर्गात आला तेव्हा त्याला काय ठाऊक होते, हे सांगत नाहीत. जुन्या चुकीच्या कल्पना तर पाठ केलेल्या उत्तरांखाली सुखरूप राहतात. १९८७च्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या लघुपटात हार्वर्डच्या २३ विद्यार्थी, प्राध्यापक व माजी विद्यार्थ्यांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, हे विचारले गेले. २१ जणांच्या उत्तरांत चुकीच्या कल्पना निघाल्या. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, ही त्यांतली नेहमीची. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. ऋतू होतात ते तिचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे.

गैरसमज : बहुपर्यायी प्रश्नांतून फक्त पाठांतर कळते.

प्रश्न कसा रचला आहे, यावर ते ठरते. १९९२मध्ये हेस्टिनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलाच्या संकल्पनेवर चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातले चुकीचे पर्याय विद्यार्थी प्रत्यक्षात जसा विचार करतात त्यावर बेतलेले आहेत, म्हणून चुकलेले उत्तरही उपयोगी पडते. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी अशीच एक चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे शिकवल्याप्रमाणे लिहायची की स्वतःला वाटते तशी? मूल्यमापनाची सगळी अडचण या प्रश्नात आली.

अशी चाचणी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी देतात. विद्यार्थी ४० टक्क्यांवरून ७० वर गेला, तर शक्य असलेल्या ६० पैकी ३० त्याने मिळवले, वाढ ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल मांडले. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी वाढ ०.२३ होती, चर्चा आणि कृतीवर भर असलेल्या वर्गांत ०.४८.

गैरसमज : वर्ग मोठा आणि मुले कला शाखेची, मग निकाल बेताचाच.

प्रकाश व वर्णपटावरील चाचणी वापरून एडवर्ड प्रेदर आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये ३१ संस्थांतील सुमारे ४,००० विद्यार्थी तपासले. हे सगळे सामान्य शिक्षणाच्या खगोलशास्त्राचे. वर्गाचा आकार किंवा संस्थेचा प्रकार निर्णायक ठरला नाही. मोठी वाढ दिसली ती विद्यार्थ्यांना बोलते-करते ठेवणाऱ्या वर्गांतच. पण तसे करणाऱ्या सर्वच वर्गांत ती दिसली नाही. पद्धतीचे नाव घेतले म्हणजे ती जमली, असे नव्हे.

गैरसमज : विद्यार्थ्यांचा अभिप्राय पुरेसा आहे.

हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सक्रिय पद्धतीने शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांनाच वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते.

संकल्पना-चाचणीलाही मर्यादा आहेत. वर्तमानपत्रातला वैज्ञानिक दावा विद्यार्थी पारखू शकतो का, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी त्याला स्वतःच्या शब्दांत कारण लिहायला सांगावे लागते, आणि दोनशेंच्या वर्गात ते तपासायला माणसे लागतात.