धुतलेली काच, तरी धूसर

पहिल्या पावसातली रात्र होती. आंबा घाट उतरत होतो. समोरून ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांचा उजेड माझ्या काचेवर असा पसरला, की कडेनं चाललेला सायकलवाला मला दिसलाच नाही. बायको ओरडली म्हणून ब्रेक लागला. गाडी तर मी सकाळीच धुतली होती!

दोष होता तेलकट थराचा. डिझेलचा धूर, रस्त्यावरचं तेल, गाडीचं पॉलिश काचेवर बसतं आणि वायपर ते सारवून ठेवतो. आतल्या बाजूला, उन्हानं तापलेल्या डॅशबोर्डमधून निघणारी वाफ जमते. दिवसा हा थर जाणवत नाही. रात्री समोरचा उजेड त्यावर विखुरतो.

काचेवर पाणी ओतून पाहा. एकसारखं पसरलं तर काच स्वच्छ. पाणी तुटून थेंब झाले, तर बहुधा तेलकटपणा उरलाय.

आधी भरपूर पाण्यानं धूळ घालवा. कोरडं पुसलं तर वाळूचे कण चरे पाडतात. मग भांड्यांच्या पातळ साबणाचे चार थेंब बादलीभर पाण्यात टाकून मऊ फडक्यानं घासा, धुवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग म्हणजे क्षार. त्यांवर निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी लावा आणि पाच मिनिटांनी धुवा. वायपरचं रबरही पुसा, नाहीतर पहिल्याच फेऱ्यात थर परत येतो. शेवटी काच आतून पुसा, आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं.

काम अर्ध्या तासाचं. त्या सायकलवाल्यानं वळून पाहिलं होतं, ते मी विसरलेलो नाही.