खोक्यावरचं ८के आणि पावणेसतरा मिलिसेकंदांची ओढाताण

नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला, तेव्हा त्याच्या खोक्यावर ठळकपणे छापलं होतं: ८के, ४के १२०. लोकांनी ते वचन म्हणून वाचलं आणि पुढची चार वर्षं 'आमचं ८के कुठंय?' म्हणून तक्रार केली. 'द टूरिस्ट' नावाचा एक छोटासा, ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांचा खेळ आतल्या आत ८के रंगवायचा. तो वगळला तर हाताला फारसं काही लागलं नाही. २०२४ मध्ये सोनीने खोक्यावरचा तो शिक्का गाजावाजा न करता काढून टाकला.

यात फसवणुकीपेक्षा गल्लत जास्त होती. खोक्यावरचा आकडा सांगतो की यंत्राच्या तारेतून जास्तीत जास्त कसला सिग्नल बाहेर पडू शकतो. खेळ आत किती पिक्सेल रंगवतो, ते खेळ बनवणारे ठरवतात. फुल एचडीच्या एका चित्रात सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, ४केच्या चित्रात सुमारे ८३ लाख. म्हणजे काम सरळ चौपट. म्हणून बहुतेक मोठे खेळ कमी पिक्सेलमध्ये चित्र काढतात आणि आधीच्या फ्रेममधली माहिती वापरून ते ४केपर्यंत भरून काढतात. याला 'नकली ४के' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते नाक मुरडणं पटत नाही. झाडाची पानं, जाळीचं कुंपण, उडणारे केस अशा बारीक गोष्टी हलताना लुकलुकल्या तर भरणी कच्ची आहे असं समजावं. तसं होत नसेल, तर सोफ्यावर बसलेल्या माणसाला फरक सांगता येणं कठीण.

दुसरा समज जास्त चिवट आहे: नवा कन्सोल घेतला की ६० फ्रेम मिळायलाच हव्यात, ३० मिळाल्या तर बनवणाऱ्यांनी आळस केला. पण ६० फ्रेम ही काही नवलाई नाही. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' निन्टेन्डोच्या आठ बिटांच्या यंत्रावर सेकंदाला ६० फ्रेमच चालायचा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. त्या वेळात प्रकाश, सावल्या, शत्रूंची हालचाल, पडणाऱ्या दगडांचं गणित, सगळं उरकायचं. यंत्र कितीही ताकदवान येऊ द्या, ती ताकद प्रतिबिंबांवर, गर्दीवर की वेगावर खर्च करायची, हे दर वेळी कुणीतरी ठरवतं. जाहिरातीत स्थिर चित्र छान दिसतं, वेग दिसत नाही. त्यामुळे ठरवणाऱ्यांचं मन कुठे झुकतं, ते ओळखता येतं.

आता खेळाच्या मेनूत 'क्वालिटी' आणि 'परफॉर्मन्स' असे दोन पर्याय दिसतात. परफॉर्मन्स निवडला की पिक्सेल कमी होतात, फ्रेम वाढतात. यावरून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा, की रेझोल्यूशन पुरेसं खाली आणलं तर कुठलाही खेळ ६० फ्रेमने पळेल. मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'ड्रॅगन्स डॉग्मा २' ने हा समज मोडला. रानावनात बरा चालणारा हा खेळ व्हर्नवर्थ शहराच्या वेशीतून आत शिरलं की अडखळायचा, कारण रस्त्यावरच्या प्रत्येक पात्राचा हिशोब मुख्य प्रोसेसरला करावा लागायचा. कॅपकॉमने हे कारण तेव्हा उघडपणे सांगितलंही होतं. पंगतीत वाढपी कितीही चपळ असोत, आचाऱ्याच्या पुऱ्या तळून झाल्या नसतील तर पानं रिकामीच राहणार. पिक्सेल कमी करून मोकळीक मिळते ती वाढप्याला, म्हणजे ग्राफिक्स चिपला. आचारी तिथेच घाम पुसत उभा.

टेराफ्लॉप्सचंही असंच. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२, प्लेस्टेशन ५ चे १०.२८, म्हणून पहिला जिंकणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' सुरुवातीला प्लेस्टेशनवरच जास्त सुरळीत चालला. प्लेस्टेशनच्या ग्राफिक्स चिपमध्ये गणनेचे ३६ गट २.२३ गिगाहर्ट्झपर्यंतच्या गतीने चालतात, एक्सबॉक्समध्ये ५२ गट १.८२५ च्या गतीने. टेराफ्लॉप्स म्हणजे या दोहोंच्या गुणाकारातून निघणारी कागदावरची कमाल. खेळ दर क्षणी ती सगळी वापरतोच असं नाही. आणि वेगवान एसएसडीमुळे खेळ लवकर उघडतो, नवा प्रदेश पटकन भरतो. तेवढ्याने फ्रेम वाढत नाहीत.

'माणसाच्या डोळ्याला ३० च्या पुढे काही दिसतच नाही' हे वाक्य अजून ऐकू येतं. सिनेमा २४ फ्रेमने चालतोच की, हा त्याला दिला जाणारा पुरावा. सिनेमाचा कॅमेरा प्रत्येक फ्रेममध्ये साधारण अर्धा वेळ उघडा असतो, त्यामुळे हलणारा हात फ्रेममध्येच फराटल्यासारखा उमटतो आणि डोळा दोन फ्रेम सांधून घेतो. खेळातली फ्रेम म्हणजे गोठलेला क्षण. फराटा हवा असेल तर तो वेगळा काढावा लागतो. शिवाय सिनेमात आपण काही दाबत नाही. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंतचा उशीर बोटांना कळतो, आणि तो फ्रेमच्या लांबीने वाढतो. गंमत म्हणजे २०१२ मध्ये 'द हॉबिट' ४८ फ्रेमने दाखवला, तेव्हा 'टीव्ही मालिकेसारखं दिसतंय' अशी प्रेक्षकांनी कुरकुर केली होती. सिनेमात खटकतं तेच खेळात हवंसं वाटतं.

३० आणि ६० च्या मधला एक सुंदर तोडगा 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' ने लोकप्रिय केला: ४० फ्रेम. आकड्यांकडे पाहिलं तर ४० ही ३० च्या जवळची वाटते. वेळेत मोजा. ४० ला एका फ्रेमचे २५ मिलिसेकंद, म्हणजे ३३.३ आणि १६.७ यांच्या बरोबर मध्ये. फ्रेम दहाच वाढल्या, पण ६० कडे जायची अर्धी वाट सरली, आणि चित्राची शोभाही बरीचशी टिकली. अट एकच: टीव्ही १२० हर्ट्झचा हवा. १२० ला ४० ने भाग जातो, ६० ला जात नाही.

आणि इथेच आपल्याकडच्या बहुतेक दिवाणखान्यांतला घोळ सुरू होतो. टीव्हीच्या जाहिरातीतला 'मोशन' शब्दाला चिकटलेला मोठा आकडा म्हणजे पडद्याची खरी गती नव्हे. बऱ्याचदा तो टीव्हीने स्वतः मधल्या फ्रेम रचून गाठलेला असतो. क्रिकेटला ते चालून जातं. खेळात मात्र त्या रचण्यामुळे बटणाचा उशीर वाढतो आणि लोक दोष कन्सोलला देतात. टीव्हीत 'गेम मोड' असतो, तो ही रचना बंद करतो. त्यात रंग थोडे फिके वाटतात, म्हणून घरातलं कुणीतरी तो परत बंद करून टाकतं.

प्लेस्टेशन ५ च्या सेटिंग्जमध्ये 'गेम प्रीसेट्स' नावाचा रकानाही आहे. तिथे एकदा 'परफॉर्मन्स मोड' निवडला की ही सोय मानणारे खेळ थेट त्यातच उघडतात. निवडला नाही, तर प्रत्येक खेळ बनवणाऱ्याने ठरवलेल्या मोडमध्ये सुरू होतो, आणि आपण ६० फ्रेमचा पर्याय आहे हे माहीत नसताना ३० वर अख्खा खेळ संपवतो.