ट्यूना सँडविच गावात कसं करायचं? महागड्या डब्याची गरज नाही, गोदावरीचा मासा किंवा घरचा हरभराही चालतो. पण दोन तासांचा नियम पाळा

अंतरवाली सराटी (ता. अंबड, जि. जालना) : मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघताना 'ट्यूना सलाड सँडविच' हे नाव हल्ली सारखं समोर येतं. दहा मिनिटांत होतं, गॅसही पेटवावा लागत नाही, असं त्यात सांगितलेलं असतं. घरातली पोरं ते बघतात आणि करून मागतात. अडचण एवढीच, की ट्यूनाचा डबा आपल्याकडच्या किराणा दुकानात सहसा मिळत नाही, आणि ऑनलाईन मागवला तर महाग पडतो.

पण या पदार्थात नेमकं काय असतं हे एकदा कळलं, की तो आपल्या घरातल्या वस्तूंत करता येतो. तो कसा करायचा, काटे कसे काढायचे आणि केल्यावर किती वेळात खायचा, याची ही माहिती.

ट्यूना म्हणजे काय?

ट्यूना हा समुद्रातला मोठा मासा. कोकणात त्याला कुपा, गेदर अशी नावं आहेत. त्याचा गर शिजवून, काटे काढून डब्यात हवाबंद करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 1903 च्या सुमारास सार्डिन मासा कमी पडला, तेव्हा कारखान्यांनी ट्यूना डब्यात भरायला सुरुवात केली. हा डबा फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून तो कामगारांच्या आणि शाळेच्या जेवणात गेला.

त्याचं 'सलाड' म्हणजे एक प्रकारची कोशिंबीरच. शिजलेल्या माशाचा चुरा, बारीक चिरलेला कांदा, थोडं आंबट, थोडं तिखट आणि सगळं धरून ठेवायला मेयोनीज. ते ब्रेडच्या दोन कापांत भरलं, की झालं सँडविच.

म्हणजे लागतात तीन गोष्टी : बिनकाट्याचा शिजलेला गर, तो धरून ठेवणारं काहीतरी घट्ट, आणि ब्रेड. तिन्हींना आपल्याकडे पर्याय आहेत.

कोणता मासा घ्यायचा?

अंबड तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे, पलीकडं बीड जिल्हा. वर पैठणला 1976 साली लोकार्पण झालेलं जायकवाडी धरण. या पट्ट्यातल्या आठवडी बाजारात रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ असे मासे येतात.

सँडविचसाठी यातले मरळ आणि चिलापी सगळ्यात सोयीचे. त्यांना मधला काटा आणि फासळ्या असतात, पण मांसात लपलेले बारीक काटे नसतात. रोहू, कटला आणि मृगळ चवीला चांगले, पण त्यांच्या मांसात इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दुफाट्याचे बारीक काटे असतात. रस्सा खाताना माणूस ते जिभेनं बाजूला काढतो. सँडविचमध्ये मात्र घास सरळ चावून गिळला जातो, काटा कळत नाही. म्हणून लहान मुलांसाठी करायचं असेल तर मरळ किंवा चिलापीच घ्या. रोहू घ्यायचा झाला तर मोठा, दोन किलोच्या पुढचा घ्या. त्याचे काटे जाड असतात, बोटाला लागतात.

मासा ताजा आहे का ते बघायची पद्धत जुनीच : कल्ले लाल, डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटानं दाबलं तर मांस परत वर येतं. कल्ले तपकिरी पडलेले, डोळा आत गेलेला, वास उग्र असेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

पोषणात हा मासा ट्यूनाच्या फार मागं नाही. शंभर ग्रॅम रोहूत साधारण 16 ते 17 ग्रॅम प्रथिनं असतात. ट्यूना मोठा आणि शिकारी मासा असल्यामुळं त्याच्या अंगात पारा साठतो, म्हणून गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी तो वरचेवर खाऊ नये असं सांगितलं जातं.

चार सँडविचसाठी साहित्य

- साफ केलेला मासा अर्धा किलो
- घट्ट चक्का चार मोठे चमचे
- एक लहान कांदा, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर
- अर्धं लिंबू, मिरपूड, हळद, मीठ
- लोणी दोन चमचे
- ब्रेडचे आठ काप, किंवा चार पोळ्या

कृती

1. चक्का आधी तयार ठेवा. एक वाटी घट्ट दही स्वच्छ फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगा. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवलं तर आंबत नाही.

2. माशाचे तुकडे धुऊन त्याला हळद-मीठ लावा. पातेल्यात पाणी उकळून तुकडे सोडा, झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. मांस आतपर्यंत पांढरं झालं आणि काट्यापासून आपोआप सुटायला लागलं, की शिजलं. मध्ये काचेसारखं दिसत असेल तर अजून कच्चं आहे.

3. तुकडे पाण्यातून काढून ताटात पसरून ठेवा. वाफ जाऊ द्या. हे पाणी टाकून देऊ नका, रस्सा करायला चालतं.

4. कातडं काढा. मधला काटा उचला. मग गर थोडा थोडा घेऊन दोन बोटांत चोळत चुरा करा. दुसऱ्यांदा तोच चुरा ताटावर पातळ पसरून तळहातानं दाबत जा. राहिलेला काटा टोचतो. ही दुसरी फेरी चुकवायची नाही.

5. चुरा मुठीत धरून हलकेच पिळा. पाणी राहिलं तर ब्रेड लगदा होतो. चिरलेला कांदाही पिळून घ्या.

6. चुरा, कांदा, मिरची, कोथिंबीर, मिरपूड, लिंबू आणि चक्का एकत्र करा. मीठ सगळ्यात शेवटी, खायच्या वेळेला घाला. आधी घातलं तर पाणी सुटतं.

7. ब्रेडला आतून लोण्याचा पातळ हात द्या. लोणी मध्ये असलं की ओलावा ब्रेडमध्ये उतरत नाही. सारण भरा, कापा आणि लगेच खायला द्या.

ब्रेड नसेल तर पोळीत गुंडाळा. ज्वारीची गरम भाकरी असेल तर त्यावर सारण पसरून खाल्लेलंही चांगलं लागतं, पण भाकरी गुंडाळायला जाऊ नका, मोडते.

मेयोनीज का नको?

मेयोनीज म्हणजे कच्च्या अंड्याचा बलक आणि तेल घोटून केलेला मलम. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, आणि मेयोनीज शिजवलं जात नाही म्हणून ते मरत नाहीत. हैदराबादमध्ये मोमो खाल्ल्यानंतर अनेकांना विषबाधा झाली, एका महिलेचा जीव गेला. त्यानंतर तेलंगणा सरकारनं ऑक्टोबर 2024 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एक वर्षाची बंदी घातली. तमिळनाडूनंही एप्रिल 2025 मध्ये तशीच बंदी आणली. बंद बाटलीतलं, बिनअंड्याचं मेयोनीज वेगळं. पण बाटली उघडल्यावर तीही फ्रिजमध्येच ठेवावी लागते. त्यापेक्षा घरचा चक्का बरा.

मासा आणि दही एकत्र चालतं का?

इथं बऱ्याच घरांत आजी हात धरेल. मासा आणि दूध-दही एकत्र खाल्लं की अंगावर पांढरे डाग उठतात, असं पूर्वीपासून सांगतात. वैद्यकशास्त्रात याला आधार नाही. कोड होतं ते कातडीला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळं, आणि त्याचा जेवणाच्या या जोडीशी संबंध आढळलेला नाही. बंगालमध्ये तर दह्यातला मासा हा नेहमीचा पदार्थ आहे. तरीही घरात कुणाला पटत नसेल तर वाद घालू नका. चक्क्याऐवजी दोन चमचे गोडेतेल, लिंबू आणि दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट घाला, सारण तसंच धरतं.

मासा न खाणाऱ्यांसाठी हरभरा

माळकरी घर असेल, श्रावण असेल किंवा चुलीवर मासा चालत नसेल, तर हरभरा घ्या. एक वाटी हरभरा रात्रभर भिजवा, कुकरला मऊ शिजवा, पाणी पूर्ण निथळा आणि रवीनं किंवा वाटीच्या बुडानं जाडसर ठेचा. पार लगदा करायचा नाही, दाणा थोडा लागला पाहिजे. पुढं सगळं वरच्यासारखंच. काट्याची भीती नाही, खर्च कमी, आणि शेतातला माल. अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करूनही हेच सारण होतं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचं : दोन तास

ओलं सारण हे जंतूंचं आवडतं घर. 5 अंश ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून असं सारण फ्रिजबाहेर जास्तीत जास्त दोन तास ठेवायचं. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो, तेव्हा हा एक तासही जास्तच समजा. वास आला नाही म्हणजे चांगलं आहे, असं नसतं. पोट बिघडवणारे कितीतरी जंतू वासच सोडत नाहीत.

याचा सरळ अर्थ असा : सकाळी सातला केलेलं माशाचं, अंड्याचं किंवा हरभऱ्याचं ओलं सँडविच शाळेच्या डब्यात देऊ नका. पोरगं ते एक वाजता खाणार. शेतावर न्यायच्या डब्यातही नको. हा घरी करून घरीच, ताटावर बसून खायचा पदार्थ आहे.

लांबच्या वाटेला काय न्यायचं, हे गावाला नव्यानं शिकवायची गरज नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनासाठी 27 ऑगस्ट 2025 ला अंतरवाली सराटीतून गाड्या मुंबईकडं निघाल्या, आणि पुढं आझाद मैदानावरच्या लोकांसाठी गावोगावहून जी शिदोरी गेली, त्यात भाकरी, ठेचा, चटणी, लोणचं होतं. यामागं हिशेब आहे. शेंगदाण्याच्या चटणीत पाणी जवळपास नसतं. लोणच्यात मीठ, तेल आणि आंबटपणा असतो. ठेचा तेलावर परतलेला असतो. पाणी कमी, मीठ जास्त, की जंतूंना वाढायला जागा मिळत नाही. शाळेच्या डब्यालाही हाच नियम लावा : चटणी-पोळी द्या, सँडविच संध्याकाळी घरी करा.

काटा अडकला तर

घशात काटा अडकल्यावर कोरडा भात, भाकरीचा घास किंवा केळ गिळायला सांगतात. तसं करू नका. त्यानं काटा आणखी आत रुततो. बोट घालूनही काढायला जाऊ नका. हलकेच खोकून बघा. दुखणं राहिलं, थुंकी गिळता येईना किंवा थुंकीत रक्त आलं, तर लगेच दवाखान्यात न्या. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर क्षणही न घालवता 108 ला फोन करा.

डबा विकत घेतलाच तर

शहरातून कुणी ट्यूनाचा डबा आणला तर तीन गोष्टी बघा. वेष्टनावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक हवा. वापरायची तारीख गेलेली नसावी. आणि डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला नसावा. फुगलेला डबा चाखूनसुद्धा बघायचा नाही, तसाच फेकून द्यायचा, कारण त्यातलं विष जिवावर बेतू शकतं. चांगला डबा उघडल्यावर उरलेला मासा त्याच डब्यात न ठेवता झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. वीज बराच वेळ गेली असेल, तर तो मासा ठेवून काटकसर करू नका.