बर्फावरची सहल आणि मैदानातली मुले

चंदन नदीच्या काठी, श्रीरामाच्या जुन्या मंदिराच्या आश्रयाने वसलेली आमची रामपायली समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंचीवर आहे. आणि वैशाखातले येथले ऊन इतके प्रखर असते की शाळांना सुटी लागताच, ज्या कुटुंबांपाशी प्रवासाची ऐपत आणि फुरसत असते, त्यांचे चित्त थेट हिमालयाकडे धाव घेते. मुलांना बर्फ दाखवावा, जमल्यास त्यांच्या पायांना स्की बांधून उतारावरून घसरण्याचा आनंद त्यांना द्यावा, ही आईबापांची इच्छा सर्वथा स्तुत्य आहे. परंतु त्या सहलीची तजवीज उन्हाळ्यात करावी की हिवाळ्यात, या एका निर्णयावर लहान मुलाचे त्या दिवसाचे सुखदुःख बव्हंशी अवलंबून असते, आणि नेमका त्याचाच विचार आपल्याकडे फार थोडा होतो.

हिमाची सीमा ऋतूप्रमाणे वरखाली होत असते. गुलमर्गचे विस्तीर्ण कुरण सुमारे 2650 मीटरांवर आहे. पौष-माघात ते स्वतःच हिमाखाली गेलेले असते, ज्येष्ठात मात्र तेथे हिरवळ पसरते आणि बर्फासाठी रज्जुमार्गाने आधी कोंगडोरीला व तेथून पुढच्या टप्प्याने अफरवटच्या खांद्यावर, म्हणजे 3980 मीटरांच्या आसपास, चढावे लागते. मनालीहून रोहतांगला जाणाऱ्यांचीही गत तीच, कारण तो घाटमाथा 3978 मीटरांवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश उरतो, आणि त्याच प्रमाणात दर श्वासासोबत मिळणारा प्राणवायूही घटतो. डोके दुखते, मळमळते, असे मोठा माणूस सांगू शकतो. दोन-अडीच वर्षांचे मूल मात्र नुसते किरकिरते, खाणे नाकारते, ओकते, अवेळी पेंगते, आणि आईबाप त्याचा दोष प्रवासाच्या शिणाला किंवा सकाळच्या न्याहारीला देऊन मोकळे होतात. अशा वेळी पहिला आणि मुख्य उपाय एकच, तो म्हणजे विलंब न लावता खाली उतरणे.

म्हणून मला असे आग्रहाने सांगावेसे वाटते की कार्तिकी पौर्णिमेची यात्रा उलगडली, धान चुरून घरात पडले, की बर्फाच्या सहलीचा विचार सुरू करावा आणि नाताळाच्या सुटीपासून फाल्गुनापर्यंतचा काळ तीसाठी राखावा. गोंदिया किंवा नागपूर गाठून आगगाडीने उत्तरेकडे जावे. श्रीनगर 1585 मीटरांवर आहे, तेथे एक-दोन रात्री मुक्काम करावा, म्हणजे मुलाच्या शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास अवसर मिळतो. तेथून गुलमर्ग सुमारे 50 किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून सायंकाळी परतण्याजोगे. रस्ता तंगमर्गपासून चढणीचा होतो, आणि हिमवर्षाव झालेला असला म्हणजे तेथून पुढे चाकांना साखळ्या लावलेली मोटार घ्यावी लागते. हिवाळ्यात एवढे अंतर काटले की बर्फ पायाशीच असतो. लहान मुलांना घेऊन रज्जुमार्गाच्या वरच्या टप्प्याला जाण्याचे काहीच कारण उरत नाही.

स्की शिकण्याचे वय कोणते, असा प्रश्न हमखास विचारला जातो. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरलेल्या आरिफ खान यांनी चौथ्या वर्षीच स्की पायांत चढवली होती. पण त्यांच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्की-साहित्याचेच दुकान होते, आणि दाराशी उतार असलेल्या मुलाची तुलना एका दिवसाच्या पाहुण्याशी करणे न्याय्य नव्हे. मैदानातल्या चार-पाच वर्षांच्या मुलाकडून त्या एका दिवसात स्कीवर उभे राहणे, सपाटीवर चार पावले सरकणे आणि पुढची टोके जवळ, मागची दूर अशी पाचर करून थांबणे, एवढीच अपेक्षा ठेवावी. स्की मुलाच्या छातीपासून हनुवटीपर्यंत पोचेल इतकीच लांब असावी, हातात काठ्या देऊ नयेत, डोक्यावर शिरस्त्राण असावे, आणि उतार असा निवडावा की खाली तो आपोआप सपाट होऊन मूल स्वतःच थांबेल. मुलाला आपल्या दोन पायांमध्ये धरून उतरवण्याची हौस आवरावी. त्याने मूल मागे रेलण्यास शिकते, आणि मागे रेललेल्याला स्की वळवता येत नाही. तासाभराने त्याला कंटाळा आला, तर त्याला बर्फाचे गोळे करू द्यावे. त्याच्या लेखी तीही सहलच आहे.

थंडीचे गणित मुलांच्या बाबतीत निराळे असते. देहाच्या वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक, म्हणून त्यांची ऊब झपाट्याने नष्ट होते. त्यातून आपण प्रेमाने घातलेली सुती बनियन घामाने वा वितळलेल्या बर्फाने भिजली, म्हणजे तीच देहातील उष्णता शोषू लागते. अंगालगत लोकर किंवा लवकर सुकणारे कापड असावे. भाड्याने मिळणाऱ्या गमबुटात पाय बसावा म्हणून मोज्यांवर मोजे कोंबले, तर रक्ताभिसरण आवळले जाऊन बोटे अधिकच गारठतात. हातमोजे मात्र चारही बोटे एकत्र राहतील असे निवडावेत, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सुमारे 80 टक्के किरण परत फेकतो. त्यामुळे टोपीच्या सावलीतला चेहराही खालून भाजतो, आणि डोळ्यांना गडद चष्मा नसेल तर रात्री ते आग करू लागतात. आमच्या भागातल्या लोकांना बर्फावर ऊन लागेल, हे खरेच वाटत नाही.

आणखी एका गोष्टीचा बंदोबस्त घरून निघण्यापूर्वीच करावा. मुलाला घेऊन केव्हाही खाली निघू शकेल, असे एक मोठे माणूस त्या दिवशी अन्य कोणत्याही खेळात गुंतलेले नसावे. मोटार दिवसभरासाठी ठरवून चालकाला तशी आगाऊ सूचना द्यावी, आणि साखळ्यांची मोटार निराळी असेल तर तिच्या परतीची बोलीही सकाळीच करून घ्यावी. मुलासाठी ऊन पाणी, खारट-गोड खाऊ आणि कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड मोटारीतच ठेवावा. दुपारच्या जेवणानंतर मुले थकतात, उन्हाने सैल झालेला बर्फ सावल्या लांबताच पुन्हा घट्ट व निसरडा होतो, म्हणून तीनच्या सुमारास स्की परत करून तंगमर्गच्या वाटेला लागावे. वडील मंडळींना आणखी दोन फेऱ्या हव्याच असतील, तर त्या त्यांनी मुलांना खाली पाठवून खुशाल घ्याव्यात.