लेंडीचं पाणी गेलं कुठे?

नाक मुरडायचं नाही हं! आज सुरुवात मेंढीच्या लेंडीपासून आहे.

गाईनं शेण टाकलं की 'फद्' आवाज होतो, कारण त्यात भरपूर पाणी असतं. मेंढीच्या लेंड्या मात्र सुट्या, टणक आणि कोरड्या. दोघीही गवतच खातात आणि पाणीच पितात. मग मेंढीचं पाणी गेलं कुठे?

तिनं ते परत घेतलं! मेंढीच्या मोठ्या आतड्याचा एक भाग जिलबीसारखं वेटोळं घालून बसलेला असतो. त्यातून चोथा सावकाश पुढे सरकतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषून रक्तात सोडतं. सरकता सरकता ते जागोजागी आवळलंही जातं, म्हणून चोथ्याच्या गोळ्या होतात. मूत्रपिंडंही तेवढीच चिक्कू. पाणी कमी मिळालं की लघवी थोडी आणि दाट!

असा चिक्कूपणा आपल्या सोलापुरात फार उपयोगी पडतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग आधी सह्याद्रीला धडकतात आणि तिथेच मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सांगोला, मंगळवेढ्याकडे येईपर्यंत ढगांत फारसं काही उरत नाही. आपल्या जिल्ह्याची सरासरी साधारण ५५० मिलिमीटर. तोही लहरी! एका शिवारात धो धो, तर ओढ्यापलीकडच्या शिवारात नुसती धूळ.

झाडाला जागा सोडून जाता येत नाही, पण मेंढराला येतं. म्हणून इथले धनगर मेंढपाळ पिढ्यान् पिढ्या पावसाचा हिशोब मांडत चालत आले आहेत. त्यांना कुणी 'भटके' म्हणालं, की मला वाटतं, वाट चुकलेल्या माणसांबद्दल बोलणं चाललंय. त्यांची वाट तर पक्की ठरलेली असते.

आता सांगा, पावसाळ्यात तुम्ही मेंढ्या कुठे न्याल? जिथे खूप पाऊस, खूप गवत, तिथे? म्हणजे कोकणात? चुकलात! सततच्या चिखलात मेंढीचे खुर सडतात, भिजलेली लोकर सुकत नाही आणि रोगराई पसरते. म्हणून पावसाळा काढायचा तो कोरड्या माळावरच. चार सरी पडल्या की माळावर बोटभर गवत येतं, दख्खनी मेंढीला तेवढं पुरतं. गंमत म्हणजे आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या काठावर फुलानी नावाचे गुराखी राहतात, त्यांचंही असंच. पावसाळ्यात ते दक्षिणेचा दमट मुलूख सोडून वाळवंटाच्या बाजूला सरकतात, कारण दमट भागात गुरांना आजारी पाडणाऱ्या माश्या फार.

दिवाळीत मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते. ढोल घुमतात, भंडारा उधळला जातो. तोवर माळावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. मग वाडे हलू लागतात. एकत्र फिरणाऱ्या काही बिऱ्हाडांचा मिळून एक वाडा. कुणी भीमा-नीरेच्या काठच्या बागायतीकडे वळतं, कुणी पार घाट उतरतं. घोड्यावर भांडीकुंडी, अंथरुणं आणि चालता न येणारी कोकरं. कधी त्या सगळ्याच्या वर एखादी कोंबडी ऐटीत बसलेली! पुरुष मेंढरं घेऊन रानातून येतात. बायका घोडी हाकत पुढे जातात, मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडतात आणि भाकरी थापतात. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात, म्हणजे वाघरीत जातात. बाहेर कुत्री जागी राहतात, कारण नान्नजच्या माळरानासारख्या गवताळ भागांत लांडगेही राहतात आणि त्यांनाही पोट असतंच.

वाघर बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याच्या रिकाम्या रानातच लावतात. शेतकरीच बोलावतो, 'आमच्या रानात मेंढरं बसवा' म्हणून. रात्रभरात लेंड्या आणि मूत थेट जमिनीत! मेंढरांनी दिवसभर माळावरचं, बांधावरचं गवत खाल्लेलं असतं. म्हणजे माळावरचा कस चार पायांनी चालत शेतात आला. बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही. बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. नायजर देशातले शेतकरीही फुलानींची गुरं अशीच शेतात बसवून घेतात, हे वाचून मी तर थक्कच झाले.

आता माळ कमी होत चाललेत. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालवे आले, ऊस वाढला. ऊसतोडीच्या वेळी मेंढरांना हिरवं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे मिळतात, ही चैनच. पण उभ्या उसात त्यांना कोण शिरू देणार? मग कळपाला रस्त्याच्या कडेकडेनं जावं लागतं आणि मागून ट्रक हॉर्न वाजवत राहतात. तुमच्या गाडीसमोर कळप आला, तर गाडी चालवणाऱ्या काकांना म्हणावं, जरा थांबा.

थांबलात की मेंढक्याच्या हातातली लांब काठी बघा. तिच्या टोकाला आकडी असते. उन्हाळ्यात गवत संपलं की तो आकडीनं बाभळीच्या फांद्या हलवतो आणि शेंगांचा सडा पडतो. बाभळीचं बी इतकं टणक, की त्यात पाणी सहज शिरत नाही. मेंढीच्या पोटातून फिरून येताना त्याचं कवच मऊ पडतं. मग ते लेंडीसोबत कुठेतरी लांबच्या रानात पडतं, खत सोबतच!

खोटं वाटतं? बाभळीच्या दहा बिया घ्या. पाच बियांचं कवच फरशीवर थोडं घासा, पाच तशाच ठेवा. दोन कुंड्यांत पेरा, सारखंच पाणी घाला. कुठल्या कुंडीत आधी कोंब आले, ते पत्र लिहून कळवा.