जुन्या लॅपटॉपची फोटोफ्रेम, पण नावांसकट

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून दोन वस्तू हमखास खाली येतात. एक म्हणजे बंद पडल्यासारखा पडून राहिलेला लॅपटॉप, दुसरी फोटोंनी भरलेली पत्र्याची पेटी. लॅपटॉप भंगारवाल्याला द्यायचं जिवावर येतं आणि पेटी निवांत उघडायला वेळ नसतो. पुन्हा दोन्ही माळ्यावर! खरं तर या दोघांची गाठ घालून दिली, तर दिवाणखान्यात एक चांगली फोटोफ्रेम तयार होते आणि खर्चही फारसा येत नाही.

रायपूरमधल्या मराठी घरांनी तर हे काम लांबणीवर टाकू नये. तात्यापारा, बुढापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांमध्ये मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. याच भागातल्या माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे यांनी १९०० साली पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. त्यांचे फोटो पुस्तकांतून छापले गेले, लाखे यांच्या नावाचं लाखेनगर शहरात आहे. पण पेटीतल्या फोटोत खुर्चीवर अंग चोरून बसलेल्या नऊवारीतल्या बाई कोण? घरात हे सांगू शकणारं माणूस बहुधा एकच उरलेलं असतं, आणि त्याचं वय ऐंशीच्या पुढे असतं.

लॅपटॉप जुना म्हणजे निकामी नव्हे

विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही. बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करू नयेत हे खरं. पण नुसते फोटो दाखवायला इंटरनेट लागतंच कुठे? आधी कामाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, बँकेची आणि आधारची कागदपत्रं पुसून टाकावीत, ईमेलच्या खात्यांतून बाहेर पडावं आणि वायफाय कायमचं बंद करावं.

सर्वांत आधी पाहायची ती बॅटरी. इथे मात्र हयगय नको. लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तो चार्जरला लावू नये. फुगलेली बॅटरी दाबणं किंवा टोचणं म्हणजे आगीला निमंत्रण. बॅटरी चांगली असली तरी तासन्‌तास वायर लावून ठेवायच्या यंत्रातून ती काढलेलीच बरी. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवाय थेट चार्जरवर चालतात. बॅटरी बाहेरून निघत नसेल तर कारागिराकडून काढून घ्यावी. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्यावी.

पडदा सुटा करून भिंतीवर टांगायचा मोह अनेकांना होतो. पण बिजागरीतून जाणारी पडद्याची वायर नाजूक असते, ती तुटली की सगळाच खेळ संपतो. त्यापेक्षा लॅपटॉप उघडा ठेवून फळीवर मांडावा. पडद्याभोवती सुताराकडून हलकी लाकडी चौकट करून घ्यावी आणि कीबोर्डपुढे एक बुटकी पट्टी उभी करावी. कीबोर्डवर भरतकामाचा रुमाल पसरण्याची हौस टाळावी, कारण यंत्राला हवा लागते. रायपूरचा मे महिना चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा! उन्हाची खिडकी आणि स्वयंपाकघराची भिंत या दोन्ही जागा वर्ज्य. पडदाच फुटलेला असेल, तर एचडीएमआयच्या वायरने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडता येतो.

यापुढचं काम सोपं आहे. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवावेत. स्क्रीन सेव्हरच्या सेटिंगमध्ये ‘फोटोज’ निवडून तो फोल्डर दाखवावा, वेग ‘स्लो’ ठेवावा आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करावं. विजेची धास्ती नको. लॅपटॉप वीस वॅट घेतो असं धरलं, तर रोज आठ तास चालवूनही महिन्याला पाचेक युनिटच होतात. रात्री मात्र बंद करावा.

खरं काम पेटीतलं

पोस्टकार्डाएवढा फोटो ३०० डीपीआयने स्कॅन केला तर या पडद्याला पुरून उरतो. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो. फोटो खिडकीजवळ सावलीत सपाट ठेवावा, फ्लॅश बंद ठेवावा आणि मोबाइल फोटोला अगदी समांतर धरावा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत, पानासकटच टिपावेत. आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही टिपावी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतली तारीख, कुणाला तरी लिहिलेल्या दोन ओळी तिथेच असतात.

बाजारातल्या बहुतेक डिजिटल फ्रेम इथेच कमी पडतात. फोटो सरकत जातात, नातवंडं दोन दिवस बघतात, तिसऱ्या दिवसापासून तो पडदा भिंतीचाच भाग होतो. अनोळखी चेहरे कोण किती वेळ बघणार? म्हणून प्रत्येक फोटोवर नाव हवं. स्क्रीन सेव्हर फायलीचं नाव दाखवत नाही, तेव्हा मोबाइलच्या फोटो संपादनात जाऊन फोटोच्या प्रतीवरच मजकूर लिहावा. मूळ फाइल जशीच्या तशी राहू द्यावी. अक्षर सात-आठ फुटांवरून वाचता येईल एवढं मोठं असावं. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना पडद्यावर काळी जागा उरते. फोटो आडव्या काळ्या पार्श्वभूमीवर बसवून घेतला की नाव लिहायला ती आयतीच मिळते.

रायपूरच्या घरांना यात एक मोठी सोय आहे. इथली मुलं मराठी अडखळत बोलतात, आत्याला ‘बुआ’ म्हणतात, पण शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी झरझर वाचतात. ‘नागपूरच्या आत्याआजी, त्यांच्या मांडीवर बाबा’ एवढी ओळ रोज डोळ्यांखालून गेली, तर आत्या हा शब्द वेगळा शिकवावा लागणार नाही.

माहिती विचारताना आजीपुढे फोटोंचा गठ्ठा टाकून ‘हे कोण, ते कोण’ असा पोलिसी खाक्या नको. एका बैठकीत पाच-सहा फोटो पुरेत. घर कोणतं, प्रसंग कोणता, हे विचारलं की माणसं आपोआप आठवतात. मोबाइलवर तिचं बोलणं तिला सांगून ध्वनिमुद्रित करावं. गेलेल्या माणसांचे फोटो वाढदिवसाच्या केकच्या मागोमाग यावेत का, हेही तिलाच विचारावं. काही घरांत ते खपतं, काही घरांत डोळ्यांत पाणी येतं. अशा वेळी दोन वेगळे फोल्डर केलेले बरे.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि तो बघायचा तर टीव्हीच्या पडद्यावरच बघावा लागे. कागदावाचून फोटो बघणं ही कल्पना काही आजची नाही!

फ्रेम म्हणजे फोटोंची तिजोरी नव्हे. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क कधीही दगा देते. सगळ्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, दुसरी नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांकडे पाठवावी. ज्यांची ओळख पटत नाही ते फोटोही वगळू नयेत. त्यांवर कोपऱ्यात क्रमांक आणि खाली ‘नाव माहीत नाही’ असं लिहून ते फिरत राहू द्यावेत. फ्रेमशेजारी एक वही आणि दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवावी. गणपतीत पाहुणे येतात, कुणीतरी हातातली आरतीची वाटी खाली ठेवून म्हणतं, “अरे, या तर आमच्या काकूआजी!” तेवढ्यात क्रमांक बघून नाव वहीत उतरवून घ्यावं.